एकच रान, चार कोर्टं: तुमच्या तालुक्याचं हायकोर्ट कुठून कुठं गेलं?

चंदगडचा थोरला

नमस्कार मंडळी. घराची कौलं बदलताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत आजोबांचे आणि वडिलांचे कोर्टाचे कागद निघाले. एका रानाच्या बांधावरून चाललेली भांडणं. आजोबांच्या वेळचा, १९५४ सालच्या अपिलाचा हुकूम आहे, त्यावर शिक्का बेळगाव जिल्हा न्यायालयाचा. तो वाद मिटला. पुढं वडिलांच्या काळात त्याच बांधावर भावकीशी नव्यानं दावा लागला, त्याच्या कागदांवर कोल्हापूर जिल्हा न्यायालय. तिथून दुसरं अपील मुंबईला हायकोर्टात. आणि आता आमच्या वकिलांचा निरोप आला आहे की यापुढं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तिथं बसणाऱ्या न्यायाधीशांपुढं, चालणार.

रान तेच, बांध तोच, बांधावरचा फणसही तोच. कोर्टं मात्र चार झाली.

पहिल्या बदलाचं कारण मला ठाऊक आहे. आमचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला आणि कोल्हापूरला जोडला. मराठी मुलखात राहिलो याचा आनंद आमच्या आजोबांच्या पिढीला फार होता. पण बेळगाव आम्हाला चाळीसेक किलोमीटर, आणि कोल्हापूर शंभराच्या वर. आजही आमचा बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता बेळगावातच होतो. कोर्ट तेवढं लांब गेलं.

मुंबईचं तर सांगायलाच नको. वडील आदल्या दिवशी एस्टीनं कोल्हापूर गाठायचे, तिथून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी व्हीटीला उतरून चालत फोर्टात. कोर्ट उठलं की परत तीच गाडी. दोन रात्री प्रवासात आणि एक दिवस कोर्टात. आई दोन वेळच्या भाकरी, पिठलं आणि सुकी चटणी बांधून द्यायची. तारखेला गेलं नाही तर काय होईल, ही धास्ती आमच्या घरात कायम असायची. वडील आता नाहीत. कोल्हापूरला बेंच झालं हे त्यांनी बघायला हवं होतं.

तर या हद्दी कुणी, कधी आणि कशावरून ठरवल्या? जाणकारांनी लिहावं. आणि प्रत्येकानं आपापल्या तालुक्याचंही सांगावं.

वकीलवाडा

थोरले, धागा काढलात ते बरं केलंत. मी कोल्हापूरला वकिली करतो. जमेल तसं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

मुंबईचं हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ ला सुरू झालं. त्याआधी दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. मुंबई बेटापुरतं सुप्रीम कोर्ट, आणि बाकीच्या इलाख्याच्या अपिलांसाठी सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालत. या सगळ्यांना एकत्र करून हायकोर्ट झालं. म्हणून आजही त्याच्या दोन बाजू आहेत: मुंबई शहरातले मोठे दावे थेट तिथंच दाखल होतात ती मूळ शाखा, आणि तुमच्या-आमच्या जिल्ह्यांतून जाणारी अपिलं ती अपील शाखा. फोर्टातली दगडी इमारत नंतरची, १८७८ ची.

पण त्या काळी कोल्हापूर या हद्दीत नव्हतंच. करवीर संस्थानाचं स्वतःचं न्यायखातं होतं आणि पुढं स्वतःचं हायकोर्टही होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि कोल्हापूरकराचं हायकोर्ट एका दिवसात मुंबईला गेलं. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध, अक्कलकोट, सावंतवाडी, या सगळ्या संस्थानांची आपापली न्यायालयं होती, ती १९४८-४९ मध्ये अशीच मोडीत निघाली. आजचा सांगली जिल्हा त्यानंतर ‘दक्षिण सातारा’ या नावानं जन्माला आला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

म्हणून कोल्हापूरला बेंच मागताना आमच्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी यायची. इथं हायकोर्ट होतं, ते गेलं, ते परत द्या. चार दशकांहून जास्त काळ ही मागणी चालली. मोर्चे, साखळी उपोषणं, कामकाजापासून दूर राहणं, सगळं झालं. शेवटी १ ऑगस्ट २०२५ ला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांची अधिसूचना निघाली. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं आणि १८ तारखेला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायसंकुलात काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, असे सहा जिल्हे.

त्या सकाळी मी आवारात होतो. ज्यांनी आंदोलनात उभी हयात घातली त्यातले बरेच जण आता काठी टेकत चालतात. एक ज्येष्ठ वकील पायरीला हात लावून नमस्कार करून आत गेले. मला बोलता येईना.

नकाशावाला

जुने नकाशे जमवणं हा माझा छंद, म्हणून थोडी भर.

मुंबई हायकोर्टाची हद्द आज आपल्याला मोठी वाटते, पण एकोणिसाव्या शतकात ती समुद्रापलीकडे पोचली होती. एडनच्या कोर्टावरची अपिलं मुंबईला येत. झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीच्या कोर्टावरची अपिलंही काही काळ मुंबईला येत होती. तिथं कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती हे लक्षात घेतलं की ते नवल वाटत नाही. उलट सिंध मुंबई इलाख्यात असूनही तिथली अपिलं मुंबईला येत नसत, कराचीला वेगळं वरिष्ठ न्यायालय होतं. म्हणजे राज्यकारभाराची हद्द आणि न्यायालयाची हद्द एकच असते, असं तेव्हाही नव्हतं.

मोठी उलथापालथ १९५६ ची. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे गेले. मराठवाडा आणि विदर्भ आले. सौराष्ट्राचं राजकोटचं हायकोर्ट बंद होऊन तोही भाग मुंबईखाली आला, कच्छही आलं. साडेतीन वर्षं मुंबईचं हायकोर्ट कच्छच्या रणापासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पसरलं होतं. १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं, अहमदाबादला त्यांचं हायकोर्ट झालं. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव भागातली गावं आणि पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. थोरल्यांच्या चंदगडची गोष्ट तिकडं उलट्या दिशेनं घडली.

पांढरीचा माणूस

मी अकोल्याचा. आमच्याकडचा इतिहास वेगळाच आहे, कारण १९५६ पर्यंत आम्ही मुंबईचे कधी नव्हतोच.

वऱ्हाड निजामाचा मुलूख, इंग्रजांच्या ताब्यात होता. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. नागपूरला तेव्हा हायकोर्ट नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. ९ जानेवारी १९३६ ला नागपूर हायकोर्ट सुरू झालं, सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत १९४० मध्ये खुली झाली. हेन्री मेड नावाच्या वास्तुविशारदाचं काम. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावीच.

त्या हायकोर्टाखाली जबलपूर, रायपूर, बिलासपूरही होतं. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूर हायकोर्ट संपलं. त्या वेळचे मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला मध्य प्रदेशाच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला गेले. राजधानीचं शहर होतं नागपूर. राजधानीही गेली आणि हायकोर्टही. माझे आजोबा अकोल्याला अर्जनवीस होते. त्या वर्षीची दिवाळी घरात गोड झाली नाही, असं आजी सांगायची.

खंडपीठ मात्र राहिलं, कारण मराठी भागांच्या नेत्यांनी एकत्र राज्यासाठी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराची ती अट होती. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्ये ते पक्कं झालं: किमान तीन न्यायाधीश नागपूरला बसतील. कोणत्या जिल्ह्यांसाठी, तेही कलमातच लिहिलं आहे. म्हणून आमचं खंडपीठ कुणा एका अधिसूचनेवर उभं नाही, संसदेच्या कायद्यावर उभं आहे. त्या यादीच्या शेवटी ‘चांदा आणि राजुरा’ येतं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. राजुरा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका, १९५६ ला नांदेडला जोडला, १९५९ ला चांद्याला. नांदेडमध्येच राहिला असता तर आज तिथला पक्षकार संभाजीनगरला जात असता.

आठांचे पुढं अकरा जिल्हे झाले. गडचिरोली १९८२, वाशीम १९९८, गोंदिया १९९९. खंडपीठाची हद्द मात्र तसूभर हलली नाही.

उदगीरची लेक

वाचता वाचता माझ्याच तालुक्याची कथा डोळ्यांपुढं आली.

उदगीर निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होतं. कोर्टाची भाषा उर्दू. हायकोर्ट हैदराबादला, मुसी नदीच्या काठावर. १९५६ ला उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तीन तालुके बीदरमधून काढून उस्मानाबादला जोडले. १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तिकडं आलो. म्हणजे जिल्हा न्यायालय आधी बीदर, मग उस्मानाबाद, मग लातूर. आणि हायकोर्ट आधी हैदराबाद, मग मुंबई, मग औरंगाबाद.

माझ्या पणजोबांच्या इनामाचा निकाल उर्दूत आहे. आमच्या घरात आता तो कुणालाच वाचता येत नाही. मी दहावीत असताना वडील मला घेऊन गावातल्या एका वृद्ध मौलवींकडे गेले होते. त्यांनी चष्मा पुसून सगळा निकाल मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. पणजोबांचं नाव, गट, चतु:सीमा. मी तो वहीत उतरवून घेतला. ती वही अजून जपून ठेवली आहे. थोरले दादा, तुमच्या कागदांत मोडी असेल तर वाचणारी माणसं आहेत तोवर उतरवून घ्या.

वकीलवाडा

उदगीरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून औरंगाबादबद्दल लिहायलाच हवं, कारण कोल्हापूरचा रस्ता कायद्यानं तिथूनच निघतो.

राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१. त्याच्या दुसऱ्या पोटकलमानं राष्ट्रपती कायम खंडपीठ स्थापू शकतात. तिसऱ्या पोटकलमानं मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं न्यायाधीशांना दुसऱ्या ठिकाणी बसवू शकतात. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी हे तिसरं पोटकलम वापरून २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायाधीश बसवले. त्याला आव्हान मिळालं आणि मुंबई हायकोर्टानंच तो आदेश रद्द ठरवला. १९६० चा कायदा आल्यावर महाराष्ट्रात हा अधिकार उरला नाही, असा तो मुद्दा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नारायण शामराव पुराणिक खटला म्हणून आम्ही तो वाचतो. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अधिकार शाबूत आहे. मग २७ ऑगस्ट १९८४ ला राष्ट्रपतींच्या आदेशानं तिथं कायम खंडपीठ झालं.

मराठवाड्यासाठी सुरू झालेल्या त्या खंडपीठाला पुढं अहमदनगर, जळगाव आणि धुळे जोडले गेले. मधला नाशिक जिल्हा मात्र मुंबईकडेच राहिला. नकाशावर बघा, धुळे-नंदुरबारचा माणूस पूर्वेला संभाजीनगरला जातो आणि नाशिकचा पश्चिमेला मुंबईला.

कोल्हापूरला आज आहे ते तिसऱ्या पोटकलमाखालचं आहे, म्हणून ‘सर्किट बेंच’. कायम खंडपीठ व्हायला दुसऱ्या पोटकलमाचा आदेश लागेल. कोल्हापुरातल्या शेंडा पार्कात जागेचं चाललं आहे, पण कागदावरचा हा फरक पक्षकारांनीही समजून घ्यावा. आणि एक खुलासा, कारण वर्तमानपत्रांतही गोंधळ होतो. दोन न्यायाधीश एकत्र बसतात त्यालाही मराठीत ‘खंडपीठ’ म्हणतात आणि औरंगाबाद-नागपूरसारख्या ठिकाणालाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मंडणगडी

सगळ्यांचा आनंद समजतो, पण आमचंही ऐका. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. आम्हाला मुंबई जवळ आहे, कोल्हापूर लांब. दापोली, खेडचंही तेच. आमच्याकडच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहे. चाळीतल्या काकांकडे रात्री मुक्काम, सकाळी लोकल, आणि कोर्ट. आता कोल्हापूरला जायचं तर आधी जिल्ह्याची सगळी लांबी उतरायची, मग घाट चढायचा. पावसाळ्यात दरड आली की तो रस्ता बंद. आणि तिथं ओळखीचं दार नाही.

मी बेंचच्या विरोधात नाही. राजापूर, लांज्याच्या लोकांना सोय झाली असेल. पण पूर्ण जिल्हा एका रेघेत धरला की टोकाच्या माणसाचं काय होतं, ते कुणी मोजलं का?

चंदगडचा थोरला

मंडणगडी दादा, तुमचं म्हणणं मला सगळ्यात आधी पटतं, कारण मीही टोकाचाच. १९५६ ला आमचंही असंच झालं होतं.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमचं न्यायालय या सगळ्यांत जुनं. पोर्तुगीजांनी १५४४ मध्ये गोव्यात ‘रेलासांव’ नावाचं उच्च न्यायालय स्थापलं, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी. त्याच्यावरचा दाद मागण्याचा मार्ग लिस्बनला जाई. मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट आलं. संसदेनं १९८१ मध्ये कायदा केला आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई हायकोर्टाची हद्द गोवा, दमण आणि दीवपर्यंत वाढली. १९८७ ला गोवा राज्य झालं, तरी हायकोर्ट तेच. पणजीत आल्तिनोवर होतं, २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलं.

यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. दोडामार्ग आणि सावंतवाडीची माणसं पर्वरीला तास-दीड तासात पोचतात. उपचाराला बांबोळीला येतात, नोकरीला म्हापशाला येतात. पर्वरीला बसतात ते न्यायाधीशही मुंबई हायकोर्टाचेच. पण सिंधुदुर्गाचं प्रकरण तिथं चालत नाही, कारण ते पीठ गोव्याचं. त्यांनी आंबोली चढून कोल्हापूरला जायचं. हायकोर्ट एकच असताना राज्याची सीमा मधे यावी का?

माझी आई सावंतवाडीची. मामांच्या मालमत्तेच्या कामासाठी मी स्वतः मुंबईला खेपा घातल्या आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

भीमाकाठ

सोलापूर. आमच्याकडे दोन मतं आहेत, ती मांडतो. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याच्या लोकांना कोल्हापूर बरं पडतं. करमाळ्याचा माणूस मात्र पुण्यावरून मुंबईला सरळ जातो, त्याला कोल्हापूर आडवाटेचं. पुण्याला बेंच झालं असतं तर काय, ही चर्चा आमच्या बाररूममध्ये अजून चालते.

पुण्यातून

पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला का?

वकीलवाडा

हो. पुण्याचीही मागणी जुनी आहे, पण तूर्त पुणे मुंबईकडेच.

मंडणगडी आणि मांडवीतीर, तुमच्या मुद्द्यांना माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो की हद्द जिल्ह्यानं धरण्यामागं कारण आहे. अपील जिल्हा न्यायालयाच्या निकालावर होतं, रेकॉर्ड तिथून येतं. एका जिल्ह्याचे काही तालुके इकडं आणि काही तिकडं केले तर एकाच न्यायाधीशाच्या दोन निकालांवर दोन ठिकाणी अपिलं जातील. पण जिल्ह्याच्या टोकाला राहणाऱ्याचा त्रास खरा आहे, आणि त्याची दाद मागायला हवी. ई-फायलिंग आणि व्हीसीवरून (व्हिडिओ कॉन्फरन्सवरून) वकिलाचं काम बरंच सोपं झालं आहे. पण पक्षकाराला आपलं प्रकरण चालताना डोळ्यांनी बघायचं असतं. वीस वर्षं ज्या जमिनीसाठी पैसे घातले, तिच्याबद्दल न्यायाधीश काय म्हणतात ते त्याला मागच्या बाकावर बसून ऐकायचं असतं. मोबाइलच्या पडद्यावर त्याचं समाधान होत नाही, हे मी रोज बघतो.

बेळगावहून

थोरले, तुमच्या बेळगावच्या शिक्क्यानं गलबलून आलं. १९५६ नंतर आमचं हायकोर्ट बेंगळुरूला गेलं, पाचशे किलोमीटरवर. तिथं भाषा वेगळी, शहर वेगळं. २००८ मध्ये धारवाडला सर्किट बेंच झालं आणि २०१३ मध्ये ते कायम झालं. आता दीड-दोन तासांत पोचतो. तेव्हा कोल्हापूरकरांनी धीर धरावा, सर्किट बेंचचं कायम खंडपीठ झालेलं आम्ही शेजारीच पाहिलं आहे.

आमच्याही घरात १९५६ आधीचे कागद आहेत, मुंबई हायकोर्टाचे, मराठी दाव्याचे. वडील ते अजून कुणाला हात लावू देत नाहीत. तुमच्या हुकुमातल्या गावांची नावं टाकाल का? १९५४ चा आहे म्हणता, आमच्या आजोळचं कुणी त्यात असू शकेल.

चंदगडचा थोरला

सगळ्यांचे मनापासून आभार. उदगीरच्या ताई, तुमचं ऐकलं. आमच्या कागदांत मोडीतली चार पानं आहेत, गडहिंग्लजला मोडी वाचणारे एक शिक्षक मिळाले. रविवारी त्यांच्याकडे जाऊन आलो. पहिल्या पानावर बांधाची मोजणी आहे आणि फणसाच्या झाडाचा उल्लेख आहे. ‘जुना फणस’ असं लिहिलं आहे. म्हणजे १९५४ लाही तो जुनाच होता.

बेळगावकर, गावांची नावं व्यनि (खासगी निरोप) करतो.

आमची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. सकाळी सहाच्या गाडीनं निघालो तर कोर्ट सुरू व्हायच्या आत कोल्हापूर. आई म्हणते मीही येते, तुझ्या वडिलांच्या इतक्या तारखा झाल्या, मी एकही बघितली नाही. तिला घेऊन जाणार आहे.

वकीलवाडा

आईंना जरूर आणा. फाटकातून आत आलात की फोन करा, मी खाली येतो. आत बसायला जागा धरून ठेवतो.